कडेचा चढ

साहेबांनी थोरलीचा राजीनामा दोनदा वाचला आणि खाली सही केली.

"मंजूर," ते म्हणाले. "मी कुणाला अडवत नाही."

थोरलीने धाकट्या बहिणीकडे पाहिलं. तासभर हुज्जत घालायच्या तयारीनं दोघी आल्या होत्या. चारची गाडी होती. उद्या सकाळी दुसऱ्या गावात त्यांचं स्वतःचं भिंगांचं वर्कशॉप सुरू व्हायचं होतं. एक खोली, दोन टेबलं, दारावर दोघींची नावं. धाकटी घरी थोरलीच्याच हाताखाली काम शिकली होती.

"जाता जाता एवढं बघता का, बाई?" साहेबांनी टेबलावरच्या भिंगावरून मऊ फडकं उचललं. "कडेला चढ वाटतोय. आमची नजर काही तुमच्यासारखी नाही."

थोरलीने भिंगावर चाचणीची काच ठेवली आणि पिवळा दिवा लावला. काळी वलयं उमटली. डाव्या कडेला ती किंचित वाकलेली होती, म्हणजे तिथं काच उंच राहिली होती. केसाच्या जाडीचा हजारावा भाग, फार तर.

"असं कुणी सोडलं हे?"

"सोडलं नाही, राहिलं. असू द्या, तुमची गाडी आहे."

"दहा मिनिटांचं काम," म्हणत थोरलीने स्टूल ओढलं.

धाकटी दारापाशी थांबली. हॉलमध्ये पंधरा-सोळा कारागीर माना खाली घालून घासत होते. सगळ्यात जवळचा डोक्यात हेल्मेट घालून बसला होता.

"काका, वरून काही पडतं का इथं?"

"निघालोच आहे," तो वर न बघता म्हणाला. "एवढी कड झाली की निघालो."

हेल्मेटवर पॉलिशच्या भुकटीचा फिकट गुलाबी थर होता, बोटभर जाड. पलीकडच्या बाईच्या खांद्यावर पर्स होती, त्यापुढच्या माणसाच्या दंडाला मिटलेली छत्री. सगळ्यांवर तोच थर.

"तुमचा राजीनामा कधी मंजूर झाला?"

"मुलगी पहिलीत होती तेव्हा." त्याचा हात क्षणभर थांबला. "आता कितवीत असेल?"

आणि हात पुन्हा चालू झाला.

धाकटी झपाट्यानं परत आली. "ताई, ऊठ. साडेतीन वाजले."

"माझ्या हातानं काच तापलीय गं. निवल्याशिवाय खरं माप कळायचं नाही. वीस मिनिटं."

"मरू दे ते माप. ऊठ म्हणते ना." तिनं थोरलीचं मनगट धरून ओढलं.

थोरली उठली. तोंडातल्या तोंडात पुटपुटत, पण उठली. साहेब एका बाजूला उभे होते. त्यांनी वाट मोकळी करून दिली, दारसुद्धा उघडून धरलं.

दिवा विझवायला धाकटीनं हात पुढे केला. वलयांवर तिची नजर गेली. डावी कड आता सुरेख झाली होती. उजवीकडे, मघाशी जिथं काहीच नव्हतं तिथं, एक वलय वाकलं होतं.

बटणावरचं तिचं बोट तसंच राहिलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "इकडची बाजू बघितलीस?"

साहेबांनी दार लोटून घेतलं आणि दुसरं स्टूल आणून ठेवलं, जराही आवाज न करता.