दक्षिण दारावरची चेटकीण

कॅथेड्रलच्या दक्षिण दारावर पाथरवटांनी गेल्या वर्षी नवं दगडी मुंडकं बसवलं होतं. म्हाताऱ्या एनिडला ते खालून धूसरच दिसायचं, पण पर्यटकांना ती रोज सांगायची, "ही आमची चेटकीण. नवऱ्याचं डोकं खाऊन झालं, तरी तोंड मिटेना." लोक खळखळून हसायचे.

आज एकाने मोबाइलवर फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला. डाव्या भुवईतून आरपार गेलेला व्रण. तरुणपणी घर सोडून गेलेल्या तिच्या लेकीचा.

एनिड थेट पाथरवटांच्या शेडमध्ये गेली. "कॉलिन, चेहरा कुणाचा कोरलास?"

"आपल्याच माणसाचा. आमची रीतच आहे ना ती? माझ्या बायकोचा. ती गेली या वसंतात." त्याने छिन्नी खाली ठेवली. "तुमची चेटकिणीची गोष्ट ऐकायला मुद्दाम यायची. गर्दीत सगळ्यांच्या मागे उभी राहून हसायची."