ओव्हनमधल्या दोन चकत्या

ओव्हनच्या काचेला नाक लावून धाकटी उभी होती. आत पोलादी दांडीला लोहचुंबकाच्या दोन चकत्या चिकटलेल्या, आणि प्रत्येक चकतीला खाली एकेक लोखंडी वजन. डावी चकती दादाची, उजवी तिची. ज्याचं वजन आधी पडेल, तो हरला. पारा दीडशेच्या पुढे गेला, तरी दोन्ही वजनं ढिम्म.

दादाची चकती घरच्या कारखान्याच्या जुन्या मिश्रणाची. धाकटीनं त्याच मिश्रणात थोडं डिस्प्रोशियम घालून एकसारख्या चार-पाच चकत्या केल्या होत्या. हा धातू महाग. त्यानं चुंबकाची ओढ जराशी कमी होते, पण तापल्यावर चुंबक दगा देत नाही. हे ती वर्षभर घसा फोडून सांगत होती. सकाळी ओढ मोजायच्या ताणकाट्यावर तिची चकती कमी भरली, तेव्हा दादा सगळ्यांदेखत हसला. "मीठ जास्त पडलं वाटतं तुझं," म्हणाला. त्याच्या हसण्याचं तिला काही वाटलं नव्हतं. हे चुंबक रुग्णांना श्वास देणाऱ्या यंत्रांच्या मोटरीत बसायचे होते. मोटर तापली आणि चुंबक ढेपाळला, तर त्या माणसानं काय करायचं? या विचारानं तिची झोप उडाली होती.

बाबांनी आधीच बजावलं होतं. जुनं मिश्रण टिकलं, तर या विषयावर पुन्हा चकार शब्द काढायचा नाही.

एकशे ऐंशी. जुन्या चकतीचं वजन एव्हाना पडायला हवं होतं. आपलं गणितच चुकलं की काय? दादा एक हात ॲप्रनच्या खिशात घालून शेजारी उभा होता. चकत्या आत त्यानंच लावल्या होत्या, ती सकाळचे आकडे वहीत उतरवत होती तेव्हा.

"पुरे," बाबा म्हणाले. "दोन्ही टिकल्या. मग महागाचा सोस कशाला?"

दादानं लगबगीनं ओव्हन बंद केला.

"निवल्या की दोन्ही परत ताणकाट्याला लावू," धाकटी म्हणाली.

"आता कशाला? निकाल लागलाय की."

"लागू दे. तरी लावू."

चकत्या पंख्याखाली निवल्या. मग उजवी लावली. सकाळी भरली होती तेवढीच भरली. डावी लावली. काटा सरकत सरकत नेमका तिथेच येऊन थांबला. सकाळी दादाची चकती दिमाखात याच्या पुढे गेली होती.

"तापून उतरली असेल," दादा पुटपुटला.

"अगदी माझ्याएवढीच?"

बाबांनी चष्मा काढला. ते नुसते दादाकडे बघत राहिले. दादानं ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि एक चकती काढून टेबलावर ठेवली. सकाळची, त्याची.

"म्हणजे आत दोन्ही हिच्याच होत्या?" बाबांचा आवाज चढला.

दादाची मान खाली गेली. धाकटीला संताप आला होता, खूप आला होता. पण मघाशी काचेपाशी आपणच कशा डळमळलो होतो, ते आठवून तिला हसूही फुटलं.

"रागावू नका त्याच्यावर, बाबा," ती म्हणाली. "माझ्या चकतीवर माझ्यापेक्षा दादाचा विश्वास जास्त निघाला."