ऐच्छिक

आत्याच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरमधली जागा संपत आली होती, म्हणून विमानतळाकडे निघता निघता भाचीने तो साफ करायला घेतला. दृष्टी गेल्यापासून आत्या भाषांतराची कामं त्याच्याकडून ऐकून ऐकूनच करायची, आणि आज संध्याकाळपर्यंत एक करारपत्र द्यायचं होतं.

"कामाचं काही उडवू नकोस गं बाई."

"अगं, मूळ सिस्टिमला मी हातही लावत नाहीये. वरून जोडलेली ऐच्छिक पॅकेजेस, म्हणजे जादाचे प्रोग्राम, तेवढी काढलीत. चुकून एखादं लागलंच, तर तो स्वतःच विचारेल, पुन्हा बसवू का म्हणून. मग एंटर दाब. विचारल्याशिवाय मात्र कशालाही हात लावू नकोस."

"तुझ्यावरच गेलाय म्हणायचा. आधी काढून टाकायचं, मग विचारायचं."

भाची हसत निघून गेली. आत्याने कॉम्प्युटर सुरू केला. पंखा घरघरला, पण रोजचा आवाज काही बोलेना. भाचीचा फोन बंद लागत होता. शेवटी एंटरवर अलगद बोट ठेवून, कान टवकारून, तो कधी विचारतोय याची आत्या वाट बघत बसली.



पडद्यावर केव्हाचं लिहून आलं होतं: "वाचून दाखवणारं पॅकेज सापडत नाही. पुन्हा बसवू का?"