पिवळी रेघ

“दोन प्रकार असतात याचे,” भगवान म्हणाले. त्यांनी अंगठ्याएवढे दोन पितळी वाल्व्ह फडक्यावर मांडले. “आणि दोन्ही टर्बोशी खोटं बोलतात.”

यशोधरा हसली. कॅम्प दोनमधल्या वडिलांच्या गॅरेजात ती रविवारी सकाळीच बदलापूरहून आली होती. तीन आठवड्यांच्या हट्टानंतर ते तयार झाले होते. तिच्या जुन्या गाडीचा जोर वाढवायचा होता. अंबरनाथच्या पुलावर ऑफिसातला दिपेश रोज तिला मागे टाकायचा आणि वर हात हलवायचा.

“हा पाईप बघ. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, त्यानं जोर येतो. दाब पुरे झाला, थांब, हे टर्बोला यातून कळतं. पहिला वाल्व्ह यातली थोडी हवा सतत बाहेर सोडतो. टर्बोला वाटतं, अजून कमीच आहे. मग तो आणखी ढकलतो.”

“आणि दुसरा?”

“त्यात स्प्रिंग आणि छर्रा. छर्रा वाट अडवून बसतो. टर्बोला काही कळूच देत नाही. दाब पार चढला की हटतो, आणि सगळं एकदम सांगून टाकतो.” त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “पहिला तुझ्या आईसारखा. दिवसभर थोडं थोडं. दुसरा म्हणजे तू.”

“मग दुसराच बसवा.”

“इंजिन म्हातारं झालंय गं.”

“पप्पा, तुम्ही हो म्हणालात.”

वाल्व्ह उघडून त्यांनी छर्रा चिमटीत धरला. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरायचा. छर्रा निसटला आणि गाडीखाली गेला. यशोधराने वाकून तो शोधला, पुसला, त्यांच्या तळहातावर ठेवला.

“जा, समोर दोन कटिंग सांग. साखर कमी.”

ती चहा घेऊन आली तेव्हा वाल्व्ह बसला होता आणि ते नटावर पिवळ्या ऑईलपेंटची रेघ ओढत होते. अर्धी नटावर, अर्धी वाल्व्हच्या अंगावर. नट कुणी हलवला तर रेघ तुटते. काम संपवून स्वतःच्या हातांनी तपासल्याशिवाय भगवान रेघ ओढत नसत. गिऱ्हाईक डोक्यावर येऊन उभं राहिलं तरी नाही. तीस वर्षांत ही रीत मोडली नव्हती.

मोरिवलीच्या कारखान्यांमागचा रस्ता रविवारी रिकामा असतो. तिथे यशोधराने गाडी पळवली. ती वाट पाहत राहिली. गाडी कालच्यासारखीच धावत होती.

डाव्या सीटवरून भगवाननी विचारलं, “फरक?”

तिला तो थरथरता हात दिसला.

“खूप,” ती म्हणाली.

ते खिडकीबाहेर बघून हसले, बराच वेळ. तिला वाटलं, समाधानाने. पप्पांचा हात गेला, तिच्या मनात आलं. आता त्यांना घरी बसवायला हवं. हे कसं सांगायचं, याचा विचार ती घरी पोचेपर्यंत करत होती. पुढच्या रविवारी सांगू, असं तिने ठरवलं.

मंगळवारी दुपारी भगवान जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यानंतर आठ महिने तिने गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. लोक येत, पप्पांच्या हाताची तारीफ करत. ती मान हलवायची. शेवटचं काम फसलं होतं हे तिला एकटीलाच माहीत होतं, आणि ते तिला कुणालाही कळू द्यायचं नव्हतं.

मग एका सकाळी पुलावर बॉनेटखाली सूं आवाज आला आणि गाडीने अशी उसळी घेतली की स्टिअरिंग तिच्या हातातून सुटता सुटता राहिलं. पुढच्या टेम्पोपासून हातभर अंतरावर ती थांबली. जोर वाढणं काय असतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

गॅरेज आता मुकेशकाका बघत होते. वीस वर्षं त्यांनी भगवानच्या हाताखाली काम केलं होतं.

“पाईप तडकला. हवा लीक, टर्बोला दाब कळलाच नाय, म्हणून गाडी उडाली,” ते म्हणाले. नवा पाईप चढवताना त्यांनी वाल्व्हही खोलला. उलटा करून तळहातावर आपटला. स्प्रिंग बाहेर पडली. पुन्हा आपटला.

“यशो, यात छर्राच नाय.”

तिने डोळे मिटले. “विसरले असतील काका. हात थरथरायचा त्यांचा. त्या दिवशी तर खाली पण पडला होता.”

“कोण विसरला? उस्ताद?” मुकेशकाकांनी नट तिच्यासमोर धरला. रेघेचा अर्धा तुकडा त्यावर अजून पिवळाधमक होता. “ही रेघ कोणाची? छर्रा नसला की हवा सरळ जाते. टर्बोला सगळं खरं कळतं. गाडी कंपनीतून आली तशीच चालते. उस्तादनं जोर वाढवलाच नाय, पोरी. आणि काम पूर्ण समजून रेघ मारली.”

यशोधरा नटाकडे बघत राहिली. गाडी तशीच धावणार हे त्यांना माहीत होतं. माहीत असूनच त्यांनी विचारलं होतं, फरक? आणि ती म्हणाली होती, खूप.

“नवा छर्रा टाकू काय?”

“नको. होता तसाच बसवा.”

मुकेशकाकांनी नट आवळला, दोनदा तपासला, पिवळ्या रंगात काडी बुडवली आणि जुन्या रेघेवरून नवी ओढली.

यशोधरा गाडीत बसली. काच वर केली. किल्ली फिरवण्याआधी ती डाव्या सीटकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली,

“पप्पा, मला काहीच फरक जाणवला नव्हता.”