लाल चप्पल

"ताई, हिला जरा घ्या," म्हणत खाली उभ्या एका बाईने बसच्या खिडकीतून पोर माझ्या मांडीवर सोडली. सकाळच्या बसला चढताना आमच्याकडे सगळेच बसलेल्यांकडे ओझं देतात. कुणी डबा देतं, कुणी दप्तर. पोर मात्र मला पहिल्यांदाच मिळाली.

बाई मागच्या दाराकडे धावणार, तोच पोरीच्या पायातली लाल चप्पल रस्त्यावर पडली. ती उचलायला बाई वाकली आणि डबल बेल झाली. बस सुटली.

"थांबवा, हिची आई खाली राहिली," मी ओरडले. कंडक्टर गर्दीत कुठेतरी अडकला होता. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, उड्डाणपुलावर कुठे थांबवू? पुढच्या स्टॉपला बघू."

पूल संपेचना. मी पोरीला नाव विचारलं, तर म्हणाली, "छकुली." आईचं विचारलं, तर म्हणाली, "आई." एवढ्या माहितीवर मी हिला कुणाच्या हवाली करणार होते? का घेतली मी, असंही मनात येऊन गेलं. पोर निवांत खिडकीबाहेर बघत होती.

इतक्यात मागून लोकांच्या डोक्यांवरून काहीतरी हातोहात पुढे येऊ लागलं. शेवटी मागच्या सीटवरच्या आजोबांनी ती लाल चप्पल माझ्या हातात ठेवली. "हिची आई मागच्या दारात लटकलीये. पायात घाला म्हणून सांगितलंय."

मी वाकले, पण घाईत पट्टा काही लागेना. शेवटी पोरीनेच चप्पल माझ्या हातातून घेतली आणि आपली आपण घातली.