सव्वासात सेकंद

ब्याऐंशीच्या श्रावणात पंचवटीतल्या शेजारणींबरोबर लंकाबाईला ब्रह्मगिरीची फेरी करायची होती. पण तिचा बी.एस्सी. झालेला मुलगा मुरलीधर म्हणाला, "आई, पासष्टीनंतर तोल जातो. मासिकात चाचणी आलीय. एका पायावर दहा सेकंद उभी राहिलीस, तरच जायचं."

"मला डोंगराला फेरी घालायचीय रं, बगळ्यावानी उभं नाय राहायचं," असं म्हणत लंकाबाईने पदर खोचला आणि पाय उचलला. मुरलीधरने स्टॉपवॉचवर तीन वेळा वेळ मोजली, वहीत लिहिली आणि सरासरी काढली. सव्वासात सेकंद.

"नापास," तो म्हणाला. "रोज खुर्ची धरून सराव कर. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी माझे गुडघे शाबूत असतील का, ते बी छापलंय का तुझ्या मासिकात?"

त्याचं लक्ष नव्हतं. पोरांच्या हाती लागू नये म्हणून स्टॉपवॉच डबीत घालून माळ्यावर ठेवायचं होतं. त्याने स्टूल ओढलं, त्यावर एक पाय ठेवला आणि स्टूल जरासं डगमगताच खाली घेतला. उंचावर त्याला लहानपणापासून गरगरायचं. मग नेहमीसारखी त्याने डबी आईच्या हातात दिली. लंकाबाई स्टुलावर चढली आणि टाचा उचलून तिने हात माळ्याकडे लांबवला.


"जपून गं आई," तो खालून ओरडला, "घड्याळ पडेल!"