प्रेसवरचा मंत्र

पुरणपोळीचा पहिला घास स्टॅन नोवाकच्या तोंडात गेला आणि गिरीश आपला घास हातातच धरून त्याच्या तोंडाकडे बघू लागला. घास आवडला तर पोरीचं लग्न, नाही आवडला तर खलास. पण खरा घोर पोळीचा नव्हताच.

दोह्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारचं जेवण चाललं होतं. स्टॅन अमेरिकेतून, इंडियानातल्या एका कारखान्याच्या गावातून, मुलाची सासुरवाडी पारखायला आला होता. मुलगा ल्यूक दोह्यातच, मुशैरिब भागातल्या ऑफिसात गिरीशच्या लेकीच्या, ईश्वरीच्या पलीकडच्या टेबलावर बसायचा. टेबलं तिथंच राहिली, खुर्च्या तेवढ्या जवळ आल्या. ल्यूकनं मात्र आधीच सांगून ठेवलं होतं की बाप हो म्हणाला तरच.

आणि इथंच मेख होती. ल्यूकच्या तोंडून गावाचं नाव निघालं तेव्हाच गिरीश चरकला होता. चाकणच्या कारखान्यात पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या ज्या अवजड प्रेसवर तो राबला, तिच्या पाटीवर तेच गाव होतं. स्टॅनचा कारखाना बंद पडला, यंत्रं उचलून चाकणला आणली आणि स्टॅनच्या जागी जो उभा राहिला तो गिरीश. कारखाना गेला तसं ते गाव ओस पडलं. बेकरी गेली, न्हावी गेला. ल्यूक सांगायचा, गावातली कुत्रीसुद्धा दुसऱ्या गावी राखणीच्या नोकरीला गेली. ज्याच्या ताटातलं आपण खाल्लं, त्यालाच आज ताट वाढायचं होतं.

गिरीशनं घरात फर्मान काढलं. चाकणचं नाव काढायचं नाही. विचारलंच तर बाबा जन्मापासून हमद पोर्टावर क्रेनच दुरुस्त करतात. त्यावर बायकोनं, जयमालानं विचारलं होतं की जन्मापासून म्हणजे पाळणाही क्रेनलाच टांगला होता असं सांगू का.

पोळी आवडली. तूप आणखी आवडलं. स्टॅन सैलावला आणि आपल्या प्रेसबद्दल बोलू लागला. प्रेस कसली, हत्तीणच. तिचा ठोका पडला की तीन शेतं पलीकडच्या कोंबड्या दचकून अंडी घालायच्या. गिरीशनं ओठ चावून हसू दाबलं. चाकणच्या कोंबड्यांचंही तेच होतं.

मग स्टॅनचा आवाज उतरला.

"कुणाच्या हाती पडली देव जाणे," तो म्हणाला. "कुणीतरी आळशानं गंजवून टाकली असेल."

माणसानं गिळावं तरी किती? चाकणचं नाव गिळलं, इतकी वर्षं गिळली. पण हे घशाखाली उतरेना.

"गंज?" गिरीश ताडकन उठला. "माझ्या प्रेसला गंज?"

ईश्वरीनं डोळे मिटून घेतले. जयमालाच्या हातातला डाव हवेतच राहिला. ल्यूकचं तोंड तेवढं चालू होतं, त्याची तिसरी पोळी होती.

आता झाकायचं काय राहिलं होतं? गिरीशनं सगळं सांगून टाकलं. दसऱ्याला तिला झेंडूच्या माळा घालायचो. बूट काढून पाया पडायचो, सेफ्टी ऑफिसर डोक्याला हात लावायचा. तिच्या झाकणाच्या आत वेल्डिंगनं उठवलेली अक्षरं होती, त्यांना कुंकू लावायचो. आपण नव्या यंत्रावर श्री काढतो, स्वस्तिक काढतो, तसं तिकडच्यांनीही काहीतरी मंगल लिहून पाठवलं असणार असं सगळ्या कामगारांनी धरलं होतं. इंग्रजी तर नव्हतं, म्हणजे संस्कृतसारखं काहीतरी जुनंच असणार. पहिल्या पाळीला सगळे हात जोडून ते म्हणायचे. नव्या कामगाराला ते पाठ झाल्याशिवाय बटणाला हात लावू देत नसत. पुढे चाकणचाही कारखाना बंद पडला आणि प्रेस ट्रेलरवर चढून आणखी कुठल्याशा देशाला गेली. गिरीशनं नारळ फोडून तिला निरोप दिला होता आणि ट्रेलर वळेपर्यंत गेटशी उभा राहिला होता.

"मीही गेटशीच उभा होतो," स्टॅन म्हणाला. मग त्यानं ती अक्षरं म्हणून दाखवायला सांगितलं.

गिरीशनं हात जोडले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात एका दमात म्हणून दाखवली.

स्टॅन आधी पांढरा पडला, मग बिटासारखा लाल झाला. त्याचे खांदे हलू लागले. रडतोय असं वाटून जयमालानं पाण्याचा पेला पुढे केला. पण गडी हसत होता आणि असा हसत होता की वरच्या मजल्यावरच्या सुफियानभाईंनी फोन करून भूकंपाची चौकशी केली.

डोळे पुसत स्टॅननं विचारलं की हे खरंच रोज म्हणायचात? गिरीश म्हणाला, रोज, आणि दसऱ्याला दोनदा. स्टॅननं सांगितलं की ती त्याच्या आजीची भाषा, पोलिश. प्रेस न्यायला ट्रक आले त्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं ती अक्षरं उठवली होती.

मग त्यानं तुपाचं भांडं ओढलं आणि लेकाच्या चौथ्या पोळीवर सगळंच्या सगळं उपडं केलं.

"मंत्र कसला, गिरीश? शाप होता तो," स्टॅन म्हणाला. "ज्यानं माझी प्रेस नेली, त्याला माझं पोर जन्मभर पोसावं लागो."